प्रेसवरचा हार

मशीन विकणाऱ्या एका फर्मतर्फे मी कंपन्या-कंपन्यांतून शिकवत हिंडतो. सकाळी चाकण, दुपारी भोसरी, उरलासुरला जीव चिखलीत. शिकवायचं काय, तर एकच: पत्रा ठोकणाऱ्या प्रेसच्या दोन्ही बाजूंचे सेन्सरचे खांब झाकू नका. त्यांच्यामधून हात गेला की प्रेस जागच्या जागी थांबते. बारा वर्षं माझं हेच एक निरूपण चाललंय. लोक माना डोलावतात, हजेरीपटावर सह्या करतात, समोसा खातात, आणि मी गेटबाहेर पडलो की सेन्सर बंद करायची चावी फिरवतात.

गुरुवारी चिखलीत इम्तियाजभाईंच्या वर्कशॉपमध्ये गेलो. तिथली नवी प्रेस तीनच आठवड्यांपूर्वी चालू करून दिली होती. बघतो तर डाव्या खांबावर झेंडूचा वाळून काथ्या झालेला हार, सेन्सरची चावी बंदवर, आणि कस्तुराबाई दर ठोक्यामागं साच्यात हात घालून पत्रा काढतायत. धावत जाऊन मी लाल बटण दाबलं.

सुपरवायझर किसनला विचारलं. हार हलला की प्रेस थांबायची, माल तर त्याच दिवशी द्यायचा होता, म्हणून चावी फिरवली म्हणाला. मग हारच का नाही काढला? तर तो बौद्ध, पूजाबिजा मानत नाही; त्यानं काढला तर बाया म्हणणार, मुद्दाम काढला. इम्तियाजभाई त्याहून मऊ. मालक असलो तरी मी कसा हात लावू सर, त्यांचा भाव आहे, म्हणाले. म्हणजे सगळे एकमेकांची मनं जपतायत, आणि बाईची बोटं जपायला कुणी नाही. डोकं भिंतीवर आपटावं असं वाटलं.

"कस्तुराबाई, तुम्ही तरी काढायचा की हो."

"मी कशी काढू? ज्यानं घातला त्यानंच उतरवायचा, आमच्यात तशी रीत हाय. तुमचीच वाट बघत व्हतो, सर."

माझी? मग आठवलं. सर कीर्तनाला जातात, त्यांच्याच हातानं होऊ दे, म्हणून नव्या प्रेसच्या पूजेच्या दिवशी हार माझ्याच हाती दिला होता. आणि बारा वर्षं सेन्सर शिकवणाऱ्या मी डोळे मिटून तो खांबावर चढवला होता. वर फोटोही काढून घेतला होता.

तीन आठवडे. रोजचे दोन हजार ठोके. बाईचा हात कुणाच्या कृपेनं वाचला ते मला ठाऊक आहे. पण त्याच्यावर एवढा भार टाकणारा मी कोण?

हात जोडून हार उतरवला. कस्तुराबाईंचं तोंड पडलं, म्हणून त्यांना सांगितलं, परवा सप्ताहात बुवांनी गळ्यातला हार लगेच काढून पेटीवर ठेवला, देवाचं काम करायचं तर हात मोकळे पाहिजेत म्हणाले. हे त्यांना पटलं. नव्या हारासाठी किसननं लांबच्या भिंतीत खिळा ठोकला. सेन्सर चालू करून चावी मी इम्तियाजभाईंच्या खिशात घातली.

लाकडी पट्टी घालून सेन्सर तपासला, मग प्रेस सुरू केली. कस्तुराबाईंचा हात सवयीनं वेळेआधीच आत गेला. ठोका अर्ध्यातच थांबला. त्या आपल्या बोटांकडं बघत राहिल्या.

किसननं हजेरीपट माझ्यापुढं सरकवला. "शिकणाऱ्यांच्या रकान्यात, सर. खाली जागा आहे."

मी सही केली.