पळस चालत गेला तेव्हा

मी एक जुना बाण आहे. धनुष्याचा नव्हे हो, लाकडाचा. खांबावर आडवा ठोकलेला. सोलापूरपासून तासाभरावर एक खोल घळ आहे, तिचं आता निसर्ग उद्यान झालंय. घळीत जिथे वाटेला दोन फाटे फुटतात, तिथे मी उभा. अंगावर दोन्ही बाजूंनी एकच लिहिलंय : 'परतीची वाट'.

मित्रांनो, माझं काम नाकासमोर बघायचं. नाकासमोर एक पळस होता. लोक मला वाचायचे, पळसाकडे वळायचे आणि सुखरूप फाटकाशी पोचायचे. नव्या रंगात होतो तेव्हा माझ्याजवळ उभं राहून फोटो काढायचे. मग रंग उडाला, बुडाची माती वाहून गेली, कुणी ढुंकूनही बघेना. शेळ्या राखणारी शिवबाई मात्र रोज यायची. उद्यानात चराई बंद, तरी ओढ्याच्या अंगाने ती चार शेळ्या आत आणायची. त्यांतल्या द्वाड शेळीला माझ्या खांबाला बांधायची आणि भाकरीचं फडकं सोडून खायला बसायची. कुणीतरी आपल्याला टेकतंय, याचंच मला केवढं अप्रूप!

गेल्या फाल्गुनात एका सकाळी त्या शेळीने खांबाभोवती अशा काही गिरक्या घातल्या, की माझं डोकं गरगरलं. थांबलो तर समोर कातळ! ऐन फुलात आलेलं एवढं झाड गेलं कुठे? मला वाटलं, पळसच चालत गेला. आपणच फिरलो असू, हे माझ्या लाकडी डोक्यात येईचना. शिवबाईने मला वळवायला हात घातला खरा, पण तेवढ्यात कुणाची तरी चाहूल लागली आणि ती शेळ्या घेऊन बाभळीआड झाली.

आले ते अक्कलकोटचे बसवराज. त्यांना साखरेचा आजार. सकाळी गोळी घेतलेली, पोटात काही नाही, आणि डबा राहिला गाडीत, म्हणून तो आणायला एकटेच निघालेले; हे सगळं मला मागाहून कळलं. गुडघे दुखतात म्हणून बायको भुवनेश्वरीबाई मागे ओढ्याच्या डोहाशी बसलेल्या. बसवराजांनी चष्मा सारखा करून मला वाचलं आणि सरळ कातळाकडे निघाले. तिकडे घळ अरुंद होते, वाट संपते, नुसते दगड. मी पार गोंधळलो. आजवर तिकडे कुणी गेलं नव्हतं. पळस तिकडे गेला म्हणून हेही निघाले की काय?

ऊन तापलं. वनरक्षक बिभीषण आणि रडवेल्या भुवनेश्वरीबाई धावत आले. फाटकाशी कुणी पोचलंच नव्हतं. बिभीषणने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. रोजच्या माणसाला पाटी कुठे दिसते? इथे बाण असताना वाट चुकेलच कोण, असं म्हणून तो डोहात शोधायला वळला. बाई मटकन खालीच बसल्या.

तेव्हा शिवबाई बाभळीआडून बाहेर आली.

"साहेब, डोहात नका हुडकू. माज्या शेळीनं ह्यो बाण फिरवलाय. मानूस कातळाकडं गेलाय, तुमच्या भ्यानं म्या हाक न्हाई मारली."

बिभीषण कातळाकडे धावला आणि तिथे पडलेल्या बसवराजांना पाठीवर घेऊन त्याने माझ्या सावलीत आणलं. अंग घामाने भिजलेलं, हात थरथरत होते. शिवबाईने भाकरीबरोबरचा गूळ त्यांच्या तोंडात घातला. हळूहळू त्यांनी डोळे नीट उघडले आणि बायकोचं नाव घेतलं.

त्याच संध्याकाळी बिभीषणने मला सरळ केलं, बुडाशी दगड ठोकले. मग मान खाली घालून शिवबाईला सांगितलं, की नियम म्हणजे नियम, उद्यापासून शेळ्या आत आणता येणार नाहीत. ती भांडेल असं मला वाटलं होतं. ती एवढंच म्हणाली,

"शेळ्या दुसरीकडं चरत्याल. त्या बाईला दुसरा मानूस कुटनं आनला असता?"

ती परत आली नाही. पळस पुन्हा समोर आहे आणि लोक बरोबर वळतात. मला मात्र अजून उमगत नाही. चुकीची वाट दाखवली मी, तरी मला इथेच ठेवलं. खरं बोलली ती, आणि बाहेर काढलं तिला. मित्रांनो, वाकडी पाटी दिसली तर गप्प पुढे जाऊ नका, कुणाला तरी सांगा. आणि असं सांगायला कुणी तुमच्याकडे आलंच, तर त्याला आधी सावलीत बसवा.