एकोणतीस की तीस

सासू चंद्र बघायला गच्चीवर गेली तेव्हा आभाळ ढगांनी भरलेलं होतं. सून दाराच्या आतच थांबली. तिला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं नव्हतं. तिचा नवरा लिफ्टची दुरुस्ती करताना पडून गेला, त्याला चार महिने होत आले होते. विधवेनं घरातच राहून पाळायची इद्दत चार महिने दहा दिवसांची, आणि हे महिने भिंतीवरच्या कॅलेंडरचे नव्हेत, चंद्राचे. एकोणतिसाव्या संध्याकाळी चंद्र दिसला तर नवा महिना लागतो. नाही दिसला तर जुनाच तीस दिवसांचा होतो.

त्या एका दिवसावर सुनेची नोकरी अडली होती. कपड्यांच्या कारखान्यात ती अकरा वर्षं काजाच्या मशीनवर होती. चंद्र आज दिसला तर इद्दत दहा दिवसांनी, रविवारी मावळतीला संपत होती, नाहीतर सोमवारी. आणि सोमवारी सकाळी हजर झाली नाही तर तिच्या जागी घेतलेली नवी बाई कायम होणार, असं सुपरवायझरनं कळवलं होतं. तिनं एक दिवस मागून पाहिला. चार महिने जागा धरून ठेवली, आता माझेच हात बांधलेत, असं तो म्हणाला.

थोड्या वेळानं मशिदीतून पुकारा झाला. चंद्र दिसला नव्हता. महिना तीसचा.

सासू भिंतीला धरून खाली आली. मोतीबिंदूमुळे तिला सुईत दोरासुद्धा सुनेकडून ओवून घ्यावा लागे. पण नेमधर्मात ती भारी काटेकोर. मुलगा गेल्यापासून रोज सकाळी दिवस मोजून तीच सांगे.

"दिसला मला," ती म्हणाली.

"अम्मा, मशिदीत तर..."

"मी पाहिला. घरापुरता माझा शब्द पुरे. सोमवारी कामावर जायचं."

सुनेनं तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि भांडी घासायला बसली.

सोमवारी ती हजर झाली. मशीन तिचं तिला मिळालं. दोघीतिघी जवळ येऊन नवऱ्याबद्दल हळहळल्या. तिनं मान हलवली आणि दिवसभर काजं घातली.

संध्याकाळी परतताना जिन्यात शेजारीण भेटली. सासूबाईंना बरं नाही का, असं तिनं विचारलं. आज त्या पाण्यालासुद्धा खाली उतरल्या नव्हत्या. हाक मारली तर दिवस मावळेपर्यंत बाहेर यायचं नाही, एवढंच आतून म्हणाल्या.

सासू आतल्या खोलीत भिंतीशी बसली होती.

"मावळला का?" तिनं विचारलं.

सुनेनं खिडकीतून पाहिलं. समोरच्या इमारतीच्या टाकीवर थोडं ऊन उरलं होतं.

"अजून नाही," ती म्हणाली, आणि चपला काढून तिच्या शेजारी जाऊन बसली.