कोपरा कापलेलं कार्ड

माझ्या पायाला भिंगरी आहे, असं माझी बायको मालन म्हणायची. भिंगरी पायाला नव्हती, डोक्यात होती. ठाण्याच्या शाळेत मी पोरांना पाढे शिकवत असे आणि मनात सह्या मोजत असे. कोणाही सोम्यागोम्याच्या सह्या नव्हेत. राष्ट्रीय सभेत भाषणं करणारे आणि घरी येऊन ग्रंथ लिहिणारे, अशा पुढाऱ्यांच्या. नुसता वक्ता मला चालत नसे, नुसता ग्रंथकारही नाही.

हे खूळ मला रुडॉल्फने लावलं. तो कळव्याचा, मीठ खात्यात कारकून. आपल्या साहेबाचं पाहून तो शिकलेला: पत्र आलं की सही तेवढी कातरीने कापायची, खळीने वहीत डकवायची. बाकीचा मजकूर म्हणजे उसाचा चोथा. त्याची वही माझ्या वहीपेक्षा जाड होती, आणि ती दाखवताना तो अशी मान वाकडी करायचा की मला रात्रीचं जेवण जात नसे.

पुण्याचे आप्पासाहेब गुहागरकर मात्र त्याच्याकडेही नव्हते. साप्ताहिक चालवणारे, दोन कादंबऱ्या लिहिलेले, रयतेच्या बाजूने सभेत कडाडणारे. सह्या मागणाऱ्यांचा त्यांना भारी तिटकारा. अशी पत्रं आपण चुलीत घालतो, असं त्यांनी आपल्या साप्ताहिकात छापूनच टाकलं होतं. मी म्हटलं, मग सही मागायचीच नाही. ती आपोआप येईल असं काहीतरी विचारायचं.

विचारायला कारण घरातच होतं. माझे सासरे भिवामामा डोंबिवलीजवळच्या मानपाड्याला भात पिकवत. जंगल खात्याने त्यांच्या गावाला राबाची बंदी केली होती. राब म्हणजे डहाळ्या-पाला. चैत्रवैशाखात तो शेतात जाळायचा आणि त्या राखेत भाताचं रोप टाकायचं. राब नाही तर रोप नाही, रोप नाही तर भात नाही. अर्ज करून गाव थकलं होतं, रखवालदार कोयते हिसकावून नेत होते. मी मामांना म्हणालो, "आप्पासाहेबांना लिहितो. काय करावं, कोणाकडे जावं, ते सांगतील." म्हाताऱ्याने माझे दोन्ही हात धरले. तेव्हा मला लाज वाटायला हवी होती. वाटली नाही. हकीकत सगळी खरी लिहिली. लिहिण्यामागचा हेतू तेवढा खोटा.

चार महिने गेले. बाजाराला येणाऱ्या प्रत्येक माणसाबरोबर मामांचा निरोप यायचा, "जवाब आला का?" पुढे पुढे ते तापाने अंथरुणाला खिळले, तरी निरोप थांबला नाही. मालन धसकलेली असायची. दारात कोणी खाकरलं तरी दचकायची. मीही दर सकाळी पोस्टाच्या शिपायाची वाट बघत उंबऱ्यावर चुळबुळ करायचो, पण राबासाठी नव्हे.

आणि एका सकाळी कार्ड आलं. मालन विहिरीवर गेली होती. गच्च लिहिलेलं, घाईची मोडी, मुंग्यांची रांग लागावी तशी. खाली उजव्या कोपऱ्यात मात्र ठसठशीत बाळबोध सही. रुडॉल्फची उरणला बदली झालेली आणि त्याचं गलबत दहाला सुटणार होतं. त्याला हे न दाखवता तो गेला असता, तर मी आयुष्यभर तळमळलो असतो! मजकूर कुठे पळून जातो? मोडी लावून वाचायला घटका जाईल, संध्याकाळी वाचू. मी कातर घेतली, कोपरा तिरका कापला, वहीत डकवला, उरलेलं कार्ड फळीवर टाकलं आणि धावत सुटलो. दारात मालन भेटली. तिने काहीतरी विचारलं. मी तिच्याकडे न बघताच निघून गेलो.

बंदरावर रुडॉल्फने सही पाहिली. बराच वेळ पाहिली. "नशीबवान आहेस रे तू," एवढंच म्हणाला. मला वाटलं होतं आता जीव थंडावेल. कसचं काय! शाळेत दिवसभर बूड टेकलं नाही. पुढची कोणाची मिळवायची, हेच डोक्यात.

संध्याकाळी घरी आलो तर दाराला कडी. शेजारच्या कमळाबाई डोळे पुसत बाहेर आल्या.

"मालन माहेरी गेली. तुझा सासरा गेला ना रे! आणि तू खुशाल शाळेत?"

"कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पायजे? कोपरा फाडलेलं कार्ड आलं घरात. तिला मेलीला वाचता येत नाही, पण एवढं कोणाला कळत नाही? म्हणाली, यांना सांगायचा धीर झाला नाही, म्हणून तोंड चुकवून गेले."

मरणाच्या पत्राचा कोपरा फाडतात, हे मला काय ठाऊक नव्हतं? मी स्वतः लोकांना अशी पत्रं लिहून दिली होती, कोपरेही फाडले होते. पण सही कापताना माझ्या डोळ्यांना सहीखेरीज काही दिसलं असेल तर शपथ.

"कार्ड कुठे आहे?"

"असलं पत्र कोण घरात ठेवतं? तिने फाडून गटारात टाकलं, अंगावरच्या कपड्यानिशी आंघोळ केली आणि गाडीला गेली."

गटार टेंभी नाक्याकडे वाहत होतं. गुडघे टेकून मी हात घातला. दोन कपटे लागले, शाई पार फुटलेली. मग स्टेशन गाठलं. डोंबिवलीला उतरून मानपाड्यापर्यंत अंधाराच्या आधी पोचायचं म्हणून बांधावरून पळत गेलो. आजारी म्हाताऱ्याच्या दारात लेक छाती पिटत शिरली असेल, आणि त्या धक्क्याने खरंच काही झालं असेल तर? वही काखेत होती. ती घरी ठेवायचंही मला सुचलं नव्हतं.

भिवामामा ओटीवर बसून पेज पीत होते. गाव गोळा झालं होतं आणि हसत होतं. मालन खांबाला टेकून बसलेली, डोळे सुजलेले. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मान फिरवली.

"या जावईबापू," मामा म्हणाले. "खोट्या मरनाची बातमी आली का आयुष वाढतो. माजा दहा वर्सांनी तरी वाढला. बसा."

सगळे पुन्हा हसले. मीही हसलो. मग मामांनी वाटी खाली ठेवली.

"मंग ता कार्ड कोनाचा व्हता?"

"आप्पासाहेबांचं," मी सांगितलं. हसणं एकदम थांबलं. कोणीतरी पोराला पिटाळून पलीकडच्या आळीतली माणसं बोलावली. सगळे आल्यावर मामांनी उपरणं सारखं केलं.

"सांगा मास्तर. काय लिवलाय त्यांनी? राब तोरू का नको?"

मला काहीतरी रचून सांगता आलं असतं. आप्पासाहेबांची भाषा मला पाठ होती. तोंड उघडलंही. पण या माणसांनी माझ्या शब्दावर उद्या कोयते उचलले असते. मी वही उघडली आणि सही दाखवली.

मामांनी ती दिव्याशी धरली, बोटाने चाचपली, पान उलटून पाहिलं. मागे वहीचा कोरा कागद होता.

"ह्या नाव झाला. वरचा काय?"

"मामा, मी वाचलंच नाही."

एकेक जण उठून घरी गेला. मामांनी वही मिटून माझ्या मांडीवर ठेवली.

"तुला त्यांचा नाव पायजे व्हता, तो तुला गावला," ते म्हणाले. आजवर त्यांनी मला कधी एकेरी हाक मारली नव्हती.