चांदपतंगाला तोंड नसतं

पतंगाची मिशी नऊ मिलिमीटर भरली. कंगव्यासारखी, पण दाते आखूड, म्हणजे मादी. दीपमालाने तक्त्यात तसं लिहिलं.

वडूजच्या शाळेत नववीला शिकवायला तिला दोन रकाने भरायचे होते. एकात कोयनेच्या जंगलातून आणलेल्या कोषातून पेटीतच निघालेला चांदपतंग: फिकट हिरवा, पंख पसरून बसणारा. दुसऱ्यात माणच्या माळावरचं, रुईच्या पानांवर वाढलेलं नारिंगी फुलपाखरू: पंख मिटून बसणारं, मिशीच्या टोकाला गाठ असलेलं.

उद्या सांगलीच्या दवाखान्याची तारीख होती. मूल व्हावं म्हणून चाललेल्या उपचारांची ही सहावी खेप. चौथ्या खेपेनंतरच तिने थांबायचं ठरवलं होतं. ते अजून कुणाला सांगितलं नव्हतं.

सासूबाईंनी, मनुबाईंनी, दोन्ही जाळीच्या पेट्यांत गुळाच्या पाण्यात भिजवलेला कापूस ठेवला होता. फुलपाखराने सोंड उलगडली होती. पतंगाचे पाय मात्र कापसाला चिकटले होते. दीपमाला चिमट्याने एकेक पाय सोडवू लागली.

"आत्या, ह्याला गूळ नका ठिवू."

"का गं? चार दीस झालं, उपाशी हाय ते."

"त्याला तोंडच नसतं. अळी असताना खाल्लेलं, त्यावरच आठवडाभर जगतं."

"आई, पतंगाला च्या पण दे आता," ओसरीवरून दीपमालाचा नवरा विश्वजित म्हणाला. तो बॅगेत दवाखान्याची फाइल भरत होता.

"तू गप रं." मनुबाई पेटीवर वाकल्या. "त्वांड न्हाई, आन् अंडी घातल्यात की पेटीभर."

"ती फुटायची न्हाईत. नर भेटलाच न्हाई तिला."

"तुला काय म्हाईत? ऱ्हाऊ दे चार दीस. एखादं फुटंल."

दीपमालाने शेवटचा पाय सोडवला. तो सांध्यात तुटला होता. तिने तो कागदावर ठेवला. तिला वाईट वाटायला हवं होतं, वाटलं नाही. गेल्या खेपेला डॉक्टर बोलत होते तेव्हाही ती त्यांच्या शर्टाची बटणं मोजत बसली होती. सात होती.

"सकाळी सातची एसटी धरू," विश्वजित म्हणाला. "मागल्या येळंसारखं सांगलीपातूर उभं ऱ्हायला नको."

"वाटंत खायला धपाटी करून देती," मनुबाई म्हणाल्या.

दीपमालाने चिमटा पुसून खाली ठेवला.

"नका करू, आत्या," ती म्हणाली. मग ओसरीकडे वळली. "आवं, मी न्हाई येणार. उद्या न्हाई, आन् पुन्हा कवाच न्हाई."