घुबडाचे डोळे

अकोल्याच्या जुन्या शहरात शकुनबाईंच्या तोंडी लागायची कोणाची छाती नव्हती. त्याच बाईंची एका घुबडाने पार गाळण उडवली.

घुबड भरतकामाचं होतं. ग्रीस देशातल्या कुठल्याशा गावच्या नगरपालिकेचे झेंडे शिवायचं काम कमलाकांत व्यापाऱ्याने बाईंना दिलं होतं. आजूबाजूच्या खेड्यांची चिन्हं साधी होती: कुणाची नाव, कुणाचा डोंगर. मुख्य गावाने मात्र निवडलं घुबड, तेही गोल डोळे वटारून समोर बघणारं. पाखरांचा काय दुष्काळ पडला होता तिकडे! आपल्याकडे घुबड घरावर बसलं तरी लोक हादरतात, आणि ही माणसं ते कचेरीवर फडकवतात.

बाईंचा जीव टांगणीला होता तो सुनेपायी. आरतीला सातवा महिना लागला होता आणि आधीचं एक पोटातच गेलं होतं. शिवणयंत्र नेमकं तिच्या खाटेसमोर. म्हणून बाईंनी शक्कल लढवली. मूर्तीचे डोळे शेवटी उघडतात, तेव्हाच तिच्यात जीव येतो; तर घुबडाचे उघडायचेच नाहीत. सगळ्या झेंड्यांवर त्यांनी डोळे मिटलेलं घुबड काढलं.

कमलाकांत गठ्ठा परत घेऊन आला. "झोपलं का मेलं हे? उद्या डोये पायजेत, बाई!"

बाईंनी खाट भिंतीकडे फिरवली, सुनेवरून मीठ-मिरच्या ओवाळल्या, "तिकडं पाहू नको" म्हणून दहादा बजावलं. आरती पोटावर हात ठेवून पडून राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी बाई देवळात नारळ फोडून आल्या, तर यंत्रावर आरती बसलेली. पुढ्यातल्या एकूण एक घुबडाचे डोळे सताड उघडे.

बाई दारातूनच ओरडल्या, "काय केलं वं हे?"

आरतीचा चेहरा पांढराफटक पडला होता. "आई, कालपासून पोटात काही हाललं नाई. म्हटलं, पाहूच दे ह्याच्या डोयात. मंग जे व्हाचं ते होऊ दे."

बाईंनी तिच्या पोटावर हात ठेवला. हाताला काहीच लागेना. इतक्या तर त्या घुबडालाही भ्याल्या नव्हत्या. त्यांनी समोरून जाणारा ऑटो ओरडून थांबवला आणि तिला दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाई पोटावर यंत्र फिरवत राहिल्या. शकुनबाईंना देवाचं नावसुद्धा आठवेना. मग एकदम ठोके ऐकू आले, भरभर, घाईघाईचे. "बाळाची हालचाल मंदावलीय. आजच आणलंत ते बरं झालं. इथंच ठेवून घेते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

शकुनबाई मटकन बाकावर बसल्या. रडू आवरल्यावर रागाने म्हणाल्या, "कालच काहून नाई सांगतलं मले?"

आरतीने नजर चुकवली नाही.

"सांगतलं असतं तं तुमी उतारा काढत बसल्या असत्या, आई. मागच्या खेपेले बसल्या होत्या तशा."