ओला स्वेटशर्ट

सासऱ्यांच्या हृदयात स्टेंट टाकून पाच महिने झाले होते. हळूहळू पळायला हरकत नाही, पण एकट्याने नको, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि घरात सगळ्यांच्या नजरा सुनेकडे वळल्या. ती लग्नाआधीपासून पळायची. चष्म्याच्या दुकानात दिवसभर काचा घासून आखडलेली मान पळाल्यावरच मोकळी व्हायची. नवरा छापखान्यात रात्रपाळीला. त्यामुळे सासऱ्यांची जबाबदारी आपसूक तिच्या गळ्यात पडली.

त्या सकाळी थंडीने कहर केला होता. अंगणातल्या गवतावरचं दव गोठून पांढरं झालं होतं. सासरे दारात जय्यत तयार होते. आत सुती बनियन, वर सुती शर्ट आणि त्यावर निवृत्तीच्या वेळी कारखान्याने दिलेला जाडजूड सुती स्वेटशर्ट.

"बाबा, तो नवीन पातळ टी-शर्ट घाला ना. घाम धरून ठेवत नाही तो. वर माझ्यासारखं विंडचीटर."

"ते कांद्याचं साल? तीस वर्षं पहिल्या पाळीला सायकलवर गेलोय मी. थंडी मला नको शिकवूस."

"सायकलवर एवढा घाम येत नाही. पळायला निघताना थोडं गारच वाटायला हवं."

"गारच वाटून घ्यायचं तर घरात पंखा लावून बसतो की!"

ती हसली आणि विषय सोडला. हुज्जत घालत बसलं असतं तर दुकानाला उशीर झाला असता.

कालव्याच्या काठाने दोन किलोमीटर झाले तेव्हा त्यांचं कपाळ निथळत होतं. स्वेटशर्टवर पाठीपाशी काळपट डाग पसरला होता. "काढून कमरेला बांधा," ती म्हणाली. "वारा लागेल," ते म्हणाले आणि उलट वेग वाढवला. परत फिरायच्या वळणावर ते एकदम ओरडले आणि पोटरी धरून कठड्यावर बसले.

"गोळा आलाय. जाईल आत्ता."

गोळा जाईना. तिने पोटरी चोळली, पाय ताणला. दहा मिनिटं गेली. पाण्यावरून येणारा वारा थेट अंगावर येत होता. घामाने चिंब झालेले तिन्ही कपडे थंडगार पडून त्यांच्या अंगाला चिकटले होते. आधी त्यांचे खांदे थरथरले, मग दात वाजू लागले. ओठ निळसर दिसायला लागले तशी तिने पोटरी सोडून त्यांचा चेहरा आपल्याकडे वळवला.

"छातीत दुखतंय का बाबा?"

"नाही."

"खरं सांगा. शपथ आहे."

"नाही गं."

तिने नवऱ्याला फोन लावला. तो नुकताच पाळीवरून सुटला होता. "छातीत दुखतंय?" त्यानेही तेच विचारलं.

"नाही म्हणतात."

"म्हणतात म्हणजे?" त्याचा आवाज चिरकला. "मी गाडी घेऊन निघतो. वीस मिनिटं."

वीस मिनिटं! तिने वळून पाहिलं तर सासरे पाण्याकडे टक लावून बसले होते. "बाबा, आज वार कोणता?" त्यांनी बराच वेळ विचार केला आणि म्हणाले, "जाऊ दे आता, झोपतो जरा." जीभ जड झाली होती. दात वाजायचेही थांबले होते.

"कपडे काढा," ती म्हणाली.

तेवढ्या शब्दांनी मात्र ते जागे झाले. "वेडी आहेस का? रस्त्यात? सुनेसमोर?"

"ओले कपडे अंगातली ऊब ओढून घेतायत. काढा."

"नाही म्हटलं ना!"

सहा वर्षांत तिने त्यांच्यापुढे आवाज चढवला नव्हता. आज मात्र ती कडाडली, "बाबा, लाजायचं ते घरी जाऊन लाजा! हात वर करा!"

मग त्यांनी हळूच हात वर केले. स्वेटशर्ट ओढून काढताना तो पोत्यासारखा जड लागला. शर्टाच्या गुंड्यांवर तिची थंडीने बधिरलेली बोटं अडखळत होती. बनियन निघालं आणि खाली त्यांची बारीक, काटा आलेली पाठ दिसली. एवढे खंगलेत हे तिला माहीतच नव्हतं. तिने आपला मफलर सोडून पाठ, छाती खसाखसा पुसली. आपलं विंडचीटर त्यांना चढवलं, चेन गळ्यापर्यंत ओढली, त्याचीच टोपी त्यांच्या कानांवर बसवली. आता तिच्या अंगावर एकच पातळ शर्ट होता. वारा सुईसारखा टोचत होता.

"उठा. बसायचं नाही."

पाण्याच्या पंपाची खोली चारशे पावलांवर होती. त्यांचा हात खांद्यावर घेऊन, त्यांचं निम्मं वजन ओढत ती चालली. ते लंगडत होते, मधेच थांबत होते. "बोलत राहा," ती म्हणायची. "तुमच्या लेथ मशीनचं सांगा." ते तुटक तुटक सांगत होते. एकदा गप्प झाले तेव्हा तिने त्यांना चक्क चिमटा काढला.

पंपवाल्याने दार उघडलं आणि काही न विचारता त्यांना चालू मोटारीशेजारी बसवलं. स्वतःचं घोंगडं दोघांवर टाकलं. गोड चहाचा अर्धा कप पोटात गेल्यावर सासऱ्यांचे दात पुन्हा वाजू लागले. अंग पुन्हा ऊब धरू पाहतंय, हे त्या आवाजाने कळून तिला रडूच आलं.

नवरा गाडी घेऊन आला. दवाखान्यात ईसीजी ठीक निघाला. "हृदय शाबूत आहे, पण थंडीने घात केला असता," डॉक्टर म्हणाले. नवरा बायकोचा हात सोडायला तयार नव्हता.

त्यानंतर दोन दिवस सासरे तिच्याशी बोलले नाहीत. ताट घ्यायचे आणि खिडकीकडे तोंड करून जेवायचे. रागावलेत की लाजलेत, तिला कळेना. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ते चष्म्याच्या दुकानाबाहेर उभे दिसले.

"त्या दिवशी तुझं ऐकलं नाही मी," ते रस्त्याकडे बघत म्हणाले.

"मीही जोर लावला नाही बाबा. उशीर होईल म्हणून सोडून दिलं."

"हं. चल, कपडे घ्यायचेत."

खेळाच्या साहित्याच्या दुकानात त्यांनी पाच टी-शर्ट घालून पाहिले. एक काखेत काचत होता, एक गळ्याशी आवळत होता. चौथा घालून त्यांनी दुकानभर दोन फेऱ्या मारल्या. विक्रेता बघतच राहिला. तो टी-शर्ट त्यांनी घ्यायचा म्हणून बाजूला ठेवला आणि मग तिच्यासाठी जाड हातमोजे निवडू लागले.