खिशाकडचं कापड

बेबीताई अलीकडे नवऱ्याला पाहून डोक्यावर पदर घ्यायला लागली होती. नवी नवरी असताना घेतला नसेल इतका नीट, पार कानापर्यंत ओढून. किसनराव ओसरीवर आले की ती पाण्याचा गडवा पुढे ठेवायची आणि भिंतीकडे तोंड करून म्हणायची, "बसा भाऊ. मालक वावरात गेले. येतीनच आता."

किसनराव बसायचे. आपल्याच घरात पाहुणे होऊन आपलीच वाट पाहत बसायचे. दुसरं करणार तरी काय?

यवतमाळच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं की हे विसरण्याचं दुखणं आहे, वाढत जाईल, गोळ्यांनी फार तर त्याची चाल मंदावेल. मुलगा कपिल पांढरकवड्याला कापसाच्या एका जिनिंगमध्ये कामाला होता. तो सकाळी निघताना आईच्या पाया पडायचा आणि ती "कोणाचा रे तू, गुणाचा हाय" म्हणून त्याच्या पाठीवर हात फिरवायची. सून अर्पिता घरीच ब्लाउज शिवायची. तिला बेबीताई 'शिवणवाल्या बाई' म्हणायची. कपिल घराबाहेर पडेपर्यंत डोळे पुसत नसे, आणि अर्पितानं तर ते नाव हसून घेतलं होतं. किसनरावांना मात्र ते 'भाऊ' काही केल्या पचत नव्हतं. सगळं विसरू दे, पण मरायच्या आधी एकदा, एकदाच तिनं आपल्याकडे पाहून पूर्वीसारखं 'अजी' म्हणावं, एवढंच त्यांचं मागणं उरलं होतं. ते त्यांनी केळापूरच्या देवीलाही सांगून पाहिलं होतं.

तसं एक सुख होतं, खोटं का होईना. दिवस कलला की बेबीताई तोंड धुवायची, कुंकू लावायची, भाकरीवर ताट झाकायची आणि उंबऱ्यात बसून गल्लीच्या टोकाकडे पाहत राहायची. कोणी हाक मारली तरी उठायची नाही. अंधार पडला की अर्पिता म्हणायची, "आत्याबाई, निरोप आला, मामाजी वावरातच जेवले." मग कुठे ती घास घ्यायची. किसनराव मागे खाटेवर बसून हे सगळं पाहायचे. ऐन उमेदीत हा गडी कधी वेळेवर घरी आला नव्हता, आणि कोणी वाट पाहतं हे त्याच्या ध्यानातही आलं नव्हतं. आता म्हातारपणी, पाठीमागून पाहताना, त्यांना आत कुठेतरी बरं वाटायचं.

बेबीताईचे हात मात्र काही विसरले नव्हते. सुईदोरा दिला की ते आपोआप चालायचे. गावात गोधडी शिवावी तर तिनंच. इतर बायका जुनी लुगडी एकावर एक टाकून टाके घालत. बेबीताईची तऱ्हा वेगळी. दोन बोटं रुंदीच्या पट्ट्या काढायच्या, लालशेजारी पिवळी, पिवळीशेजारी निळी अशा लांबीनं जोडायच्या, मग तो जोड आडवा कापून उलटसुलट पुन्हा जोडायचा. अंथरली की खाटेवर रंगपंचमी झाल्यासारखं दिसे.

म्हणून अर्पितानं बाजारातून तयार कापलेल्या पट्ट्यांचा पुडा आणला. सगळ्या एका मापाच्या, कडा सरळ, रंग असे की डोळे दिपावेत. बेबीताईनं एक उचलली, उलटी केली, हुंगली.

"कोणाची हाय?"

"कोणाचीच नाही, आत्याबाई. विकत आणली."

"कोणाचीच नाही?" बेबीताईनं पट्टी खाली ठेवली. "मंग कायले जोडू हिले?"

अर्पिता शहाणी. तिनं मशीनखालची कतरण गोळा केली आणि एकेक पट्टी नाव घेऊन हातात द्यायला लागली. ही शेजारच्या बिजलीबाईच्या ब्लाउजची, ही तिच्या लेकीच्या परकराची. बेबीताई मान डोलवायची आणि शिवायची. मध्येमध्ये बाजारातली पट्टीही निमूट जोडून टाकायची.

किसनराव समोर बसून पाहत असत. एक दिवस त्यांनी खाटेवरची जुनी गोधडी ओढून तिच्यापुढे अंथरली. सहज, काही मनात न धरता. बेबीताईचं बोट पट्ट्यांवरून फिरायला लागलं. "हे कपिलच्या शाळेच्या चड्डीचं. मास्तरनं मारलं होतं, तवा फाटली. हे माह्या मायच्या लुगड्याचं." समोर उभ्या कपिलला न ओळखणारी बाई त्याची चड्डी ओळखत होती, आणि मास्तरसुद्धा! मधोमध एक जाड पांढरं कापड होतं. तिथं येताच तिनं पदर सावरला. "हे माह्या सासऱ्याचं. खिशाकडचं."

"अन् हे?" किसनरावांनी एका निळ्या रेघांच्या पट्टीवर बोट ठेवलं. तो सदरा त्यांना चांगला आठवत होता.

बेबीताईनं पट्टी चाचपली. "बाही हाय ही. कोणाची काय मालूम. बाहीवरून माणूस समजत नाही, भाऊ. खिशाकडून समजते."

झालं. किसनरावांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. गोधडीत त्यांच्या नुसत्या बाह्या होत्या आणि पाठी होत्या, मग तिला ते आठवणार कसे? सदरा जुना झाला की बेबीताई पाठ आणि बाह्या कापून घ्यायची आणि पुढची बाजू, खिशासकट, घडी करून लोखंडी पेटीत ठेवायची, हे त्यांनी पाहिलेलं होतं. बाप वारला तेव्हा त्याचं खिशाकडचं कापड तिनं त्याच पेटीतून काढलं होतं. फार वर्षांपूर्वी त्यांनी एकदा विचारलंही होतं, की माझं एवढं चांगलं कापड पेटीत कायले कोंडते? "त्याले आता हात नाही लावाचा," ती म्हणाली होती. तेव्हा ते चपला शोधत होते. बायकोचं बोलणं बहुतेक नवरे चपला शोधतानाच ऐकतात, आणि मग का म्हणून विचारायचं राहून जातं.

अर्पिता दोरे-बटणं आणायला पांढरकवड्याला गेली त्या दिवशी त्यांनी पेटी उघडली. तळाशी, धोतराच्या फडक्यात बांधलेला गठ्ठा निघाला. सोडला आणि ते खालीच बसले. सगळे सदरे त्यांचेच. कपिलच्या बारशाला घातलेला साईचा रंग. मेव्हण्याच्या लग्नातली हिरवी चौकडी. विडीची ठिणगी पडून भोक पडलेला तांबूस. प्रत्येकाला खिसा, आणि प्रत्येक खिशाच्या तळाशी सुपारीच्या डबीचा गोल डाग, किती धुतला तरी न गेलेला. हिनं आपलं एकही फेकलं नाही! सत्तरीचा माणूस जमिनीवर बसून हसला आणि रडला. मग अर्पिता कोणाला हात लावू देत नसे ती मोठी कात्री घेतली आणि पट्ट्या कापायला बसला. वाकड्यातिकड्या, पण दोन बोटांच्या. एकही कापड मागे ठेवलं नाही.

दुपारी त्यांनी दाढी केली, धुतलेला सदरा घातला आणि पट्ट्यांचा ढीग बेबीताईच्या मांडीवर ठेवला. समोर बसले. परीक्षेच्या निकालाला बसावं तसे.

बेबीताईनं हिरव्या चौकडीची पट्टी उचलली. अंगठ्यानं चोळली. नाकाशी नेली. तिचा सगळा चेहरा उजळला.

"हे आमच्या मालकाचं हाय."

"हो!" किसनराव जवळजवळ ओरडले. "बेबी, माह्याकडं पाय!"

तिनं पाहिलं नाही. ती पट्ट्या उलगडत होती. साईची, तांबूस, निळी. एका पट्टीवर खिशाचं तोंड अर्धं राहिलं होतं. त्यात तिचं बोट शिरलं आणि थांबलं. चेहऱ्यावरचा उजेड हळूहळू गेला.

"कवा गेले?" तिनं विचारलं.

"कोण?"

"खिशाकडचं कापड माणूस जित्ता असेस्तोवर कापाचं नाही. त्याचं आयुष्य कापल्या जाते. म्हणून तं मी ठेवून दिलं होतं. एवढं सारं." तिनं ढिगावर हात ठेवला. "अन् हे सारं कापलं. म्हणजे गेले ते. मले कोणी सांगतलं बी नाही."

किसनराव पुढे सरकले. "अवो, मी हाय नं! हा काय समोर बसलो! मीच कापलं ते, मले काय माहीत..." त्यांनी तिचा हात धरला.

बेबीताईनं तो सोडवून घेतला. रागानं नाही, परक्या पुरुषाकडून सोडवून घ्यावा तसा. पदर पुढे ओढला, त्याच्याच टोकानं कपाळ पुसलं. एकेक बांगडी काढून सुयांच्या डबीत ठेवली. मोठ्यानं रडली नाही. पुढेमागे झुलत बसून राहिली. अर्पिता परतली तेव्हा तिला कात्री दिसली, पट्ट्या दिसल्या, सासूचं कपाळ दिसलं. तिनं पिशवी दारातच टाकली.

"मामाजी," एवढंच ती म्हणाली. सासूनं ही गोष्ट तिला केव्हाच शिकवली होती. किसनरावांना कोणी शिकवणार, आणि त्यांनी कधी विचारलं होतं?

अर्पितानं पुन्हा कुंकू लावलं, बेबीताईनं पुन्हा पुसलं. पट्ट्या लपवल्या तर ती जेवेना. सकाळपर्यंत विसरेल, दोन दिवसांत विसरेल, असं सगळे एकमेकांना सांगत राहिले. ज्या दुखण्यानं तिचा लेक खाल्ला, सून खाल्ली, नवऱ्याचं तोंड खाल्लं, त्या मेल्या दुखण्यानं ही एक गोष्ट तेवढी जपून ठेवली. दिवस कलला तरी ती तोंड धुवायला उठत नाही. भाकरीवर ताट झाकत नाही. उंबरा मोकळा असतो. कपिल आला की बाजूला न सरकता सरळ आत येतो, आणि आल्या आल्या बापाकडे पाहायचं टाळतो. किसनराव खाटेवरून त्या रिकाम्या उंबऱ्याकडे पाहत बसतात. जो एक किसन तिच्या लेखी जिवंत होता, रोज वावरातून यायचा होता, त्याला त्यांनी आपल्या हातानं मारलं होतं.

पट्ट्या शेवटी परत द्याव्या लागल्या. बेबीताईनं त्यांची गोधडी शिवायला घेतली. बाजारातल्या लाल-पिवळ्या पट्ट्या, ज्या कोणाच्याच नव्हत्या, त्या तिनं कडेला लावल्या, आणि आत सगळे किसनराव. आयुष्यात तिनं इतकं सुरेख काही शिवलं नव्हतं. शेजारच्या बाया पाहायला येत आणि खाली मान घालून परत जात.

एक दिवस ती शिवता शिवता थांबली. "किसन नाव होतं त्यायचं," म्हणाली. "किसनराव." लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच, त्यानंतर तिच्या तोंडून हे नाव त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. नवरा असताना नाव घ्यायचं नसतं. आता घ्यायला काही हरकत नव्हती.

"तुमी पाह्यलं होतं का त्यायले, भाऊ?"

"पाह्यलं होतं."

"कसे दिसत होते? मले तोंडच आठवत नाही."

"माह्यासारखेच दिसत होते," किसनराव म्हणाले.

बेबीताईनं मान वर केली. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा तिनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. कपाळ, डोळे, पांढऱ्या मिशा, खिशातली सुपारीची डबी. पदर खांद्यावर घसरला तरी तिनं तो सावरला नाही.

"नाही, भाऊ," ती हळूच म्हणाली, त्यांचं मन दुखू नये म्हणून. "ते म्हातारे नव्हते."

मग तिनं पदर डोक्यावर घेतला आणि सुई त्यांच्यापुढे धरली. "दोरा ओवून द्या नं एवढा. मले दिसत नाही."

किसनरावांनी सुई घेतली. दोऱ्याचं टोक जिभेवर ओलं केलं. त्यांनाही दिसत नव्हतं, दोरा पुन्हा पुन्हा बाजूनं जात होता. ओवला गेला तेव्हा त्यांनी गाठ मारली आणि सुई तिच्या हातात दिली.